महामारी, उचल आणि वैशाखरे परिसरातील स्थलांतरित कुटुंबे

कोरोनाकाळातील स्थलांतरित मजूर म्हटले की उत्तर प्रदेश-बिहारकडे चालत निघालेले लोक आठवतात. मुरबाड-शहापूरचा मजूर त्या चित्रात नसतो, कारण तो फार लांब जात नाही. माळशेज घाटाच्या अलीकडचा वैशाखरे परिसर पावसाच्या भातावर जगतो. दिवाळीनंतर हाताला काम उरत नाही. मग कातकरी-ठाकूर कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आपल्या वस्त्यांतले भूमिहीन बांधकामावर किंवा नाक्यावर. राज्याची हद्द ओलांडत नसल्याने तेव्हा लागू असलेल्या १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ही माणसे बसलीच नाहीत.

भट्टीचा व्यवहार कळल्याशिवाय त्यांचे नुकसान कळत नाही. मालक पावसाळ्यातच उचल देतो. ती आजारपणात, लग्नात, सणात संपते. नवरा-बायकोची जोडी धरतात. मजुरी हजार विटांमागे ठरते, पण हातात येते ती आठवड्याची खर्ची. हिशेब होतो थेट पावसाच्या तोंडावर. २४ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा हंगामाचे दोनेक महिने शिल्लक होते. विटा पडल्या नाहीत तर उचल फिटत नाही, खर्ची मात्र वहीत चढत राहते. बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि कुटुंब पुढच्या दिवाळीला कमवायला नव्हे, फेडायला जाते. उचलीपोटी माणसाला कामाला बांधणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. ते कर्जही कायद्याने संपते. वहीत संपत नाही, ही खरी अडचण.

सरकारी मदत आली. रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५००-५०० रुपये. आदिवासी कुटुंबांसाठी ४,००० रुपयांच्या खावटीचा (निम्मी रोख, निम्मी वस्तूरूपात) निर्णय सप्टेंबर २०२० मध्ये झाला, वाटप २०२१ मध्ये. भूमिहीन बौद्ध कुटुंब या योजनेत नव्हते. धान्याने चूल पेटली, पण उचलीची बाकी यातल्या कशानेच फिटणारी नव्हती.

गावातच काम हाच उचलीला पर्याय. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी २३८ रुपये होती. कार्यकर्त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: कामाची मागणी तोंडी करू नये. नमुना ४ भरून तारखेची पोच घ्यावी. १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क त्या पोचेवरच उभा राहतो.

भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत अनणसुख, म्हणजे कर्ज नसल्याचे सुख, एक आहे. वर्षावास आणि उचल घेण्याचे दिवस एकच असतात. त्या तीन महिन्यांत विहारातील तरुणांनी वस्तीवर बसून प्रत्येक कुटुंबाची उचल, तारीख आणि हजारी दर एका वहीत लिहून ठेवावा आणि कुटुंबाकडे त्याची प्रत द्यावी, असे आम्हाला वाटते. आज वही एकाच बाजूकडे असते.