जात्यावरील ओव्यांचे संगणकीय संकलन

जात्यावरील ओव्यांचे संगणकीय संकलन : दळण दळताना स्त्रिया गात असलेल्या ओव्या लिहून व ध्वनिमुद्रित करून, त्यांतील शब्द आणि आवाज यांची संगणकाच्या साहाय्याने सांगड घालण्याचा उपक्रम. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागातील लोकसंघटनेच्या कार्यातून तो उभा राहिला व पुढे महाराष्ट्राच्या अन्य भागांत विस्तारला. मुळशी तालुक्यातील नांदगाव, कोळावडे इ. गावांच्या गायिकांचा त्यात मोठा वाटा आहे.

मुळशीचे नाव इतिहासात प्रामुख्याने टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहामुळे (१९२१–२४) येते. या खोऱ्यातील स्त्रियांच्या जीवनाची नोंद मात्र कागदपत्रांपेक्षा ओव्यांतच अधिक सापडते. गी प्वातव्हँ (१९३४–२००४) हे जन्माने फ्रेंच, पण पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारलेले अभ्यासक आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी पुण्यात समाजविज्ञानविषयक सहकारी संशोधन केंद्राची स्थापना केली. गरीब डोंगरी संघटनेच्या कामात त्यांचा या स्त्रियांशी संबंध आला. माहेर-सासर, भाऊ-बहीण, सीतेचा वनवास, पंढरीची वारी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर असे नाना विषय ओव्यांत येत असून सभेत न बोलणारी स्त्री जात्यावर मोकळेपणाने बोलते, हे त्यांनी ओळखले. सुमारे वीस वर्षांच्या परिश्रमाने १,१०,००० हून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या. या सामग्रीवर आधारित ‘स्टोनमिल अँड भक्ती’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

लिहिलेली ओवी आणि गायिलेली ओवी एक नव्हे. जात्याच्या खुंट्याला बहुधा दोघी बसतात. एकीने ओळ उचलावी आणि दुसरीने ती झेलावी, अशी रीत आहे. चरणांची आवृत्ती होते, मध्ये ‘बाई’, ‘गं’ यांसारखी पदे येतात व जात्याच्या घरघरीशी सूर जुळतो. चालीला या परिसरात ‘गळा’ म्हणतात. एकच ओवी निरनिराळ्या गळ्यांवर गायिली जाते, तर एकाच गळ्यावर शेकडो ओव्या बसतात. लेखनिक दोन ओळी टिपतो, त्या वेळी गळा, आवृत्ती व दुसरीची साथ ही सर्व गळून जातात. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्याने जाते मागे पडू लागले होते. त्यामुळे ही हानी पुढे भरून काढता येईल, असा भरवसा नव्हता.

हे काम फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रातील अभियंते व संगीतशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल यांनी १९९० नंतरच्या दशकात हाती घेतले. त्यापूर्वी जेम्स किपन यांच्यासह त्यांनी तबल्याच्या बोलांची रचना नियमबद्ध करणारी ‘बोल प्रोसेसर’ ही संगणकप्रणाली तयार केली होती. मौखिक परंपरा व संगणक यांचा मेळ घालणे त्यांना नवे नव्हते. त्यांनी अंकीय ध्वनिफितींवर १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले आणि ओव्यांच्या शब्दांचा व त्यांवरील टिपणांचा माहितीसंच बांधला.

शब्द आणि आवाज यांना संगणकात लागणारी जागा अत्यंत विषम असते. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन वाहिन्या धरल्यास एका तासाच्या ध्वनीला सुमारे ६९ कोटी बाइट लागतात; १२० तासांचे सु. ८३ अब्ज होतात. उलट एका ओवीला ३०० बाइट धरले, तरी १,१०,००० ओव्यांचे शब्द साडेतीन कोटी बाइटांच्या आतच मावतात. तत्कालीन वैयक्तिक संगणकाला शब्दांचा भार सहज पेलत असे, आवाजाचा पेलणे अवघड होते. अशा विभागलेल्या सामग्रीत ओवीचा क्रमांक, गायिका, गाव, विषय आणि मुद्रणातील स्थान यांच्या नोंदीच दुवा ठरतात. नोंद चुकली, तर आवाज असूनही तो कोणाचा व कोणत्या ओवीचा, हे कळत नाही. तांत्रिक करामतीपेक्षा ही कारकुनी चिकाटी अधिक मोलाची, असे म्हणावे लागते.

मर्यादाही स्पष्ट आहे. एका ओवीला सरासरी एक मिनिट धरले, तरी १२० तासांत ७,२०० ओव्याच बसतात. म्हणजे संकलनाचा फार मोठा भाग आवाजाविना, केवळ शब्दरूपाने उरला आहे.

ही सामग्री प्रथम गुरुग्राम (गुडगाव) येथील मानववंश-संगीतशास्त्राच्या अभिलेखागारात जतन करण्यात आली व नंतर फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हांस येथील वाक् व भाषा सामग्रीच्या भांडारात गेली. मुळशीच्या ओसरीवरचा आवाज अशा रीतीने परदेशी सुरक्षित झाला, तरी गायिकांना मात्र तो दुर्लभच राहिला. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ (पारी) या संस्थेने मूळ ध्वनिमुद्रणे, मराठी पाठ व भाषांतरे महाजालावर एकत्र देण्यास प्रारंभ केला. तिचे कार्यकर्ते काही गायिकांच्या गावी पुन्हा गेले आणि त्यांनी नव्याने चित्रीकरणही केले. तोवर काही गायिका निवर्तल्या होत्या.