टायमिंग बेल्ट : घरी बदलावा की गॅरेजमध्ये?

मोटारीचे बहुतेक भाग बिघडण्यापूर्वी काही ना काही सूचना देतात. ब्रेक झिजले की आवाज येतो, क्लच घसरू लागला की गाडी चढावर ओढत नाही, बॅटरी उतरली की सकाळी स्टार्टर कुरकुरतो. टायमिंग बेल्ट मात्र बहुधा शेवटच्या क्षणापर्यंत निमूटपणे काम करतो आणि तुटतो तेव्हा धावत्या गाडीचे इंजिन एकाएकी बंद पडते. गडहिंग्लजच्या वाहनधारकाला एकीकडे संकेश्वरमार्गे पुणे-बंगळूर महामार्ग जवळ, तर दुसरीकडे आजऱ्यावरून आंबोली घाटाची वाट. घाटात इंजिन बंद पडल्यास ब्रेकचे पेडल एक-दोनदा दाबताच जड होते आणि पॉवर स्टिअरिंगचे साहाय्यही जाते. म्हणून हा बेल्ट मुदतीत बदलला पाहिजे, याविषयी दुमत नाही. तो स्वतः बदलावा की कारागिराकडून, याचा निर्णय मात्र विचारपूर्वक घ्यावा लागतो.

बेल्टचे काम

इंजिनातील दट्ट्यांच्या हालचालीने क्रँकशाफ्ट फिरतो, तर झडपांची उघडझाप कॅमशाफ्ट करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण व्हावा लागतो. हे प्रमाण राखणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. पूर्वी हे काम साखळी किंवा दातेरी चक्रे करीत. पश्चिम जर्मनीतील ग्लास कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी आपल्या १००४ या मोटारीत दातेरी पट्टा वापरला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. पट्टा हलका, स्वस्त आणि कमी आवाज करणारा असतो. पण त्याचे आयुष्य मर्यादित असते.

त्याच्यावरील भाराची कल्पना साध्या हिशोबाने येते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते. अनेक इंजिनांत उघडी झडप आणि वर येणारा दट्ट्या एकाच जागेत, पण वेगवेगळ्या क्षणी येतात. बेल्ट तुटला किंवा त्याचे दाते सरकले की दोघांची टक्कर होते, झडपा वाकतात आणि प्रसंगी दट्ट्याही फुटतो. डिझेल इंजिनांत दट्ट्या व झडपा यांमध्ये अंतर फारच कमी असल्याने हा धोका जवळजवळ अटळ असतो. पेट्रोल इंजिनांत तो मॉडेलनुसार बदलतो.

आपल्या गाडीत काय आहे?

प्रत्येक मोटारीला टायमिंग बेल्ट असतोच असे नाही. मारुती ८००, ओम्नी, झेन, जुनी वॅगन आर, अल्टो ८००, टाटा इंडिका डिझेल आणि जुनी ह्युंदाई सँट्रो या गाड्यांत तो आहे. टोयोटा इनोव्हाचे २.५ लिटर डिझेल इंजिन, रेनॉ डस्टरचे १.५ लिटर डिझेल इंजिन, फोर्ड फिगो व इकोस्पोर्टची डिझेल इंजिने यांतही बेल्टच आहे. याउलट मारुतीची के-मालिकेतील पेट्रोल इंजिने, स्विफ्टचे १.३ लिटर डिझेल इंजिन आणि होंडा सिटीची आय-व्हीटेक इंजिने साखळीवर चालतात. यांपैकी अनेक मोटारींचे उत्पादन बंद झाले असले, तरी वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात त्या दिसतात.

मुदत कंपनीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे या दोन्ही मापांत दिलेली असते. जे आधी पूर्ण होईल ते ग्राह्य धरावे. इंजिनानुसार ही मुदत साधारण ६० हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत असते. गाडी कमी चालली तरी रबर जुने होतेच. शिवाय गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे खालच्या गिअरमध्ये रखडणाऱ्या गाडीचे इंजिन जेवढे फिरते, तेवढे किलोमीटर काट्यावर उमटत नाहीत. म्हणून मुदतीची शेवटची कड गाठू नये.

वापरलेली गाडी घेताना बेल्ट बदलल्याचे बिल मागावे. ते नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असेच समजावे. इनोव्हाच्या उपरोक्त इंजिनात बेल्टची मुदत संपल्याचे सांगणारा दिवा आहे. परंतु बेल्ट न बदलताही तो विझवता येतो. त्यामुळे दिवा पेटत नाही, हा पुरावा ठरत नाही.

कामात काय काय येते?

ऐकायला हे काम एक पट्टा काढून दुसरा चढवण्याचे वाटते. प्रत्यक्षात आधी बॅटरीची जोडणी काढावी लागते. आडव्या बसवलेल्या इंजिनात बहुधा एका बाजूचे माउंटिंग सोडवावे लागते. त्यापूर्वी इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यावा लागतो. नंतर बाहेरचे बेल्ट, क्रँकची पुली आणि आवरणे निघतात. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वरच्या टोकाला आणून क्रँक व कॅम यांच्या खुणा जुळवल्यावरच जुना बेल्ट काढायचा असतो. काही डिझेल इंजिनांत इंधनाचा पंपही याच बेल्टवर फिरतो आणि त्याचीही खूण जुळवावी लागते.

नवा बेल्ट एकटा बसवणे ही खोटी काटकसर होय. टेन्शनर, आयडलर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप त्याच वेळी बदलावेत, कारण यांपैकी एकाचे बेअरिंग जाम झाले तरी नवा बेल्ट तुटतो. क्रँक व कॅमचे ऑइल सीलही तपासावेत. तेल लागलेला बेल्ट लवकर फुगतो आणि सुटतो. नवा बेल्ट दुमडू किंवा पिळू नये. शेवटी स्टार्टर न वापरता, पान्याने क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासाव्यात. फिरवताना अडथळा जाणवला, तर जोर न लावता तेथेच थांबावे.

येथे चुकीला फारसा वाव नाही. क्रँकच्या चक्राला २० दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे क्रँकची १८ अंशांची चूक. कधी गाडी फक्त ओढत नाही, तर कधी पहिल्याच सेल्फला झडपा वाकतात. वाकलेल्या झडपांसाठी हेड उतरवून कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी यंत्रकामाला पाठवण्याची वेळ आली, तर वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च होतो.

घरी कोणी करावे?

जुन्या, साध्या रचनेचे पेट्रोल इंजिन, त्याची दुरुस्ती-पुस्तिका, टॉर्क रेंच, भक्कम स्टँड आणि यापूर्वी वॉटर पंप किंवा क्लचसारखे काम स्वतः केल्याचा अनुभव, एवढे सर्व असेल, तरच हे काम घरी करण्याचा विचार करावा. गाडी दोन दिवस उभी राहिली तरी चालेल, अशी सोयही हवी. यांतील एक गोष्ट नसेल, तर बेत सोडून द्यावा. डस्टर, फोर्ड किंवा फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनांत शाफ्ट जागेवर रोखण्यासाठी खास पिना लागतात. केवळ खडूच्या खुणांवर विसंबून ही कामे करू नयेत. फक्त पाहणी करायची असेल, तर बहुतेक इंजिनांत वरचे आवरण उघडून भेगा, सुटलेले धागे आणि तेलाचा ओलावा घरी तपासता येतो. मात्र बेल्ट चांगला दिसतो म्हणून मुदत वाढत नाही.

कारागीर कसा निवडावा?

गडहिंग्लजमधून अधिकृत सेवाकेंद्रासाठी कोल्हापूर किंवा बेळगावला जायचे, तर दीड-दोन तासांचा प्रवास पडतो. त्यामुळे गावातील अनुभवी मिस्त्री हा तिसरा आणि अनेकदा रास्त पर्याय ठरतो. त्याला तीन प्रश्न विचारावेत : याच इंजिनाचा बेल्ट पूर्वी बसवला आहे काय, त्यासाठी लागणारी हत्यारे आहेत काय आणि सुट्या भागांसह पक्के बिल मिळेल काय? जुने भाग परत मागून घ्यावेत. नव्या भागांचे खोके आणि त्यांवरील क्रमांक पाहावेत, कारण बाजारात नकली मालही येतो.

पक्क्या बिलाचे महत्त्व येथेच कळते. वाहन विम्याच्या प्रचलित पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई वगळलेली असते. त्यामुळे बेल्ट तुटून इंजिन निकामी झाल्यास सामान्यतः दावा मिळत नाही. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाल्यास मात्र २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. स्वतः केलेल्या कामात हा आधार राहत नाही. चुकीचा सगळा भार मालकावरच पडतो.

थोडक्यात, डिझेल गाडी असेल किंवा रोजचा व्यवसाय गाडीवर अवलंबून असेल, तर हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. साधे पेट्रोल इंजिन, हाताला अनुभव आणि पुरेसा वेळ असेल, तर घरी करण्यास हरकत नाही. काम कोणीही केले तरी तारीख आणि किलोमीटरची नोंद बॉनेटच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावी. पुढची मुदत मोजायला ती उपयोगी पडते आणि गाडी विकताना नव्या मालकालाही.