सही कोणाची?

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागे एक विषाणू असतो, हे जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू स्त्री-पुरुष संबंधातून पसरतो. म्हणून लस टोचायची ती संसार सुरू होण्यापूर्वी, परकरी वयात. रोग बायकांचा असला तरी विषाणू दोघांचा, हे ओळखून ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांनाही ती दिली. आपल्याकडे मात्र प्रश्न मुलींपाशीच थांबला. कोणाच्या मुलींना टोचायची आणि 'हो' कोणी म्हणायचे?

सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि तेच पाणी पुढे भद्राचलमला जाते. तेव्हा आंध्रात असलेल्या त्या खम्मम जिल्ह्यात 'पाथ' या अमेरिकी संस्थेने २००९ साली सरकारच्या साह्याने दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना लस टोचली. त्यांतल्या पुष्कळ आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. आमच्या एटापल्ली-भामरागडच्या आश्रमशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. पोर शाळेत, बाप दूर धानाच्या बांधीत. कागद आला की सही गुरुजींची!

गुजरातेतही असाच प्रकल्प चालू होता. दोन्हीकडे मिळून सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सारे थांबले. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही. पण खम्ममचे कागद उघडे पडले. तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते, २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. संसदेच्या समितीने २०१३ साली कडक ताशेरे ओढले. अंगठ्याचे मला तितकेसे वावगे वाटत नाही. अंगठा उठवणारा बाप निदान समोर तरी होता. भाकरीच्या हिशेबावर सही करणाऱ्या हाताने पोरीच्या देहावरही सही करावी, हे मात्र पटत नाही.

त्याच हुकुमाने पुण्या-बार्शीकडचे संशोधनही थांबले. तेथे मात्रा दोन द्याव्यात की तीन, याची पारख चालली होती. बंदीमुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. दहा वर्षांनी, २०२१ साली, दिसले की एकच मात्रा चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के रक्षण करते! २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही मान्य केली. तेवढ्याच लसीत दुप्पट मुली. अडलेल्या कामातून एवढे मोठे फळ क्वचितच निघाले असेल.

त्याच वर्षी केंद्राच्या सल्लागार मंडळाने नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींची शिफारस केली आणि मुख्यतः शाळांतून लस द्यावी असे ठरले. म्हणजे पुन्हा शाळा आणि पुन्हा तोच कागद. पण जंगलातला बाप आठवडी बाजाराला येतो, तेव्हा पोरीला भेटायला वसतिगृहात डोकावतोच. त्या दिवशी त्याला बसवून, त्याच्या माडियात किंवा गोंडीत, विचारता येईल. आणि आई सोबत असेल तर आधी तिला.