सिंदफणेचे पाणी आणि जब्दीची होडी

बीड जिल्ह्याचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर दुष्काळ उभा राहतो, ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या उभ्या राहतात. मासेमारी कोणाच्या मनातही येत नाही. वसई-उत्तनच्या आपल्या कोळी बांधवांना तर ही गोष्ट गमतीचीच वाटेल. तरीही या कोरड्या मुलखात जाळ्याला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो बव्हंशी थोरांनी पोरांना शिकविण्याचा इतिहास आहे.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. सिंदफणा तिलाच जाऊन मिळते. पालखी वाहणे, उतारूंना पैलतीरी नेणे आणि मासे धरणे, हे भोई समाजाचे परंपरागत व्यवसाय. मोटारी आल्या, पालख्या गेल्या. पूल झाले, होड्या गेल्या. उरले ते जाळे.

उन्हाळ्यात नदी डोहांपुरती उरे, तेव्हा पोरांची खरी शाळा भरे. फेकजाळे पुस्तकातून शिकता येत नाही. दोर मनगटाला बांधायचा, एक कड दातांत धरायची, उरलेला घेर दोन्ही हातांवर तोलायचा आणि कमरेच्या एकाच झोक्यात सोडायचा. म्हणजे शिशाच्या मण्यांची कड पाण्यावर गोल पडते. नवशिक्याचे जाळे गाठोड्यासारखे पडते. जाणत्याने ते न हसता पुन्हा त्याच्या हाती द्यावयाचे असते. त्याहून अवघड धडा मरळ माशाचा. त्याची तांबूस पिल्ले थव्याने पाण्यावर येतात आणि खाली आईबाप राखण करीत असतात. अशा वेळी तो मोठा मासा सहज हाती लागतो. पण त्याला सोडून द्यावे, हे पोराला पटवून देणारा गुरू आम्हांला जाळे फेकायला शिकविणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

पुढे धरणे आली. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली. त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचे धरण उभे राहिले. केज तालुक्यात धनेगावजवळ मांजरा अडली. दरम्यान, १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओरिसात कार्प माशांच्या प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला होता. त्यामुळे कटला, रोहू, मृगळ यांचे बीज तळ्यातळ्यांत सोडणे शक्य झाले. जिऱ्याएवढे ते मत्स्यजिरे आणि बोटाएवढी ती बोटुकली. ही नावे ज्याने ठेवली, त्याच्या रसिकतेला आमचा नमस्कार! धरणाच्या अफाट पाण्यावर डोहातली विद्या अपुरी पडली. नदीवर जन्म काढलेल्यांनाही रात्रभर लावून ठेवायची जाळी, वाऱ्याचा रोख, थर्मोकोलचा तराफा, हे सारे नव्याने शिकावे लागले.

शिकविणाऱ्याला काय मिळते? आमच्या मते, सर्वांत आधी एक जोडीदार. डोळे अधू झाल्यावर फाटलेला आस शिष्यच सांधतो. पण शिष्य राहीलच, याची हमी नसते. गालील सरोवरावर जब्दी आपल्या मुलांसह होडीत होता. याकोब आणि योहान जाळी नीट करीत होते. प्रभूने हाक मारली आणि ते निघाले. बाप मजुरांबरोबर होडीतच राहिला. त्याने मुलांना अडविल्याचे शुभवर्तमानात कोठेही नाही. प्रेषितांच्या सणाला आपण त्या दोघा भावांचे गुण गातो. ज्याने त्यांच्या हातांना धीर शिकविला, त्या बापाचा मात्र आपल्याला विसर पडतो.

बीडच्या जब्दीपुढे वेगळीच हाक आहे, कोयत्याची. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडी पडली आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. धरणच आटले, तर जाळे कोठे टाकायचे? त्याच वर्षीच्या पावसाने मांजरा पुन्हा भरली खरी. पण बोटुकली सोडल्यावर मासा विक्रीजोगा व्हायला साधारण वर्ष लागते, आणि ऊसतोडीची उचल दिवाळीच्या आधीच घरात आलेली असते.