रेषेतील छाया

वर्तमानपत्रातील एखादे छायाचित्र भिंगाखाली धरावे. हातभर अंतरावरून जो चेहरा सलग दिसत होता तो विरून जातो आणि उरतात ते केवळ ठिपके. काही मोहरीएवढे, काही त्याहूनही बारीक. करडा रंग म्हणून त्या कागदावर काहीच नसते. शाई एक तर असते, नाही तर नसते. करड्या छटेचा आभास पाहणाऱ्याचा डोळाच निर्माण करतो. छापखान्यातील या जुन्या युक्तीचे आणि आज संगणकावर रेखाटल्या जाणाऱ्या बोधचिन्हांचे नाते फार जवळचे आहे.

संगणकावर चित्र दोन रीतींनी साठविता येते. पहिली रीत रास्टरची. चित्रावर बारीक चौकडी कल्पून प्रत्येक चौकोनाचा रंग नोंदवून ठेवावयाचा. धुके, सावली, गालावरची लाली हे सारे या रीतीत सहज येते. पण चित्र फार मोठे करू जावे तर चौकोन उघडे पडतात. दुसरी रीत व्हेक्टरची. रेषा कोठून निघाली, कशी वळली आणि कोठे टेकली, एवढेच गणिताने सांगावयाचे. वक्ररेषांचे हे गणित चित्रशाळेत नव्हे, तर फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत आकारास आले. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये ते मांडले. पण कंपनीने ते गुप्त ठेवले. पुढे रेनो कंपनीतील प्येर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेच प्रसिद्धीस आणले, आणि वक्ररेषेला नाव मिळाले ते बेझिए यांचे. अ‍ॅडोबी कंपनीचे ‘इलस्ट्रेटर’ १९८७ मध्ये बाजारात आले, तेव्हा ही रेषा चित्रकाराच्या हाती पडली.

बोधचिन्हाला हीच रीत मानवते. तेच चिन्ह पाकिटावर नखाएवढे आणि दुकानाच्या पाटीवर दोन पुरुष उंच उमटावयाचे असते. परंतु गिऱ्हाइकाला चिन्हात गोलाई हवी असते, झळाळी हवी असते, खाली पडलेली सावलीही हवी असते. नुसत्या रेषेतून सावली आणावी कशी, हा प्रश्न संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे.

क्लोद मेलाँ या फ्रेंच कोरककाराने १६४९ मध्ये त्याचे जे उत्तर दिले त्याला तोड नाही. विषय होता संत व्हेरोनिकेच्या रुमालावर उमटलेली ख्रिस्ताची मुद्रा. मेलाँने तांब्याच्या पत्र्यावर नाकाच्या शेंड्यापाशी हत्यार टेकले आणि तेथून एकच रेषा चकलीसारखी फिरवीत बाहेर नेली. रेषा कोठेही दुसरीला छेदीत नाही. जेथे अंधार हवा तेथे हत्यार खोल दाबले, म्हणजे रेषा जाड झाली. जेथे उजेड हवा तेथे हात हलका केला. डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट, सारे त्या एका रेषेच्या जाडीतून प्रकटले. पत्र्यावर चूक सहजी पुसता येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मनगटाची किंमत कळते.

पुढच्या काळात लाकडी ठशांचे कोरककार हेच काम नियतकालिकांसाठी करीत. छायाचित्र आले तरी ते खिळ्यांच्या जोडीने थेट छापता येईना, म्हणून त्यावरून ठसा कोरावाच लागे. इंग्लंडमध्ये टॅल्बट यांनी १८५२ मध्ये जाळीदार कापडातून प्रकाश पाडून छटा फोडण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. जर्मनीत मायझनबाख यांनी १८८२ मध्ये हाफटोनची पद्धत व्यवहारात आणली. यानंतर ठिपके यंत्र पाडू लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली लाकडावरची कोरणी थोड्याच वर्षांत पोरकी झाली. प्रगतीच्या इतिहासात या कारागिरांना बहुधा ओळदेखील मिळत नाही. आपल्याकडे कलकत्त्यात उपेंद्रकिशोर राय यांनी हाफटोनवर स्वतंत्र संशोधन केले आणि त्यांचे लेख विलायतेतील मुद्रणविषयक वार्षिकात छापले गेले. मुंबईत १८९४ मध्ये निघालेल्या रविवर्मा छापखान्यात मात्र शिळाछापाची रीत होती. घरोघरच्या त्या लक्ष्मी-सरस्वतींच्या मुखावरील मार्दव रंगागणिक निराळ्या दगडांवर हाताने टिंबे देऊन साधलेले असे.

बोधचिन्हात ही विद्या उतरली त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत आहे. तेथील टेलिफोनचा एकछत्री कारभार १९८४ च्या आरंभी मोडला गेला. घंटेचे जुने चिन्ह प्रादेशिक कंपन्यांकडे गेले आणि मूळच्या एटी अँड टी कंपनीला नवे चिन्ह हवे झाले. सॉल बास यांनी १९८३ मध्ये वर्तुळात आडव्या पट्ट्या आखल्या. एके जागी पट्ट्या बारीक होत जातात, तेथे उजेड पडल्यासारखा वाटतो. अन्यत्र त्या जाड राहतात. रंग एकच, छटा एकही नाही, तरीही पाहणाऱ्याला गोल पृथ्वी दिसते. मेलाँचीच ही युक्ती, चकली सरळ केलेली.

संगणकाने सोपे मार्गही दिले. एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारा ‘ग्रेडियंट’ इलस्ट्रेटरमध्ये १९९३ मध्ये आला, जाळीच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग देणारी सोय १९९८ मध्ये आली. पण मऊ सावली बहुधा व्हेक्टरच्या वेषातील रास्टरच असते; रेषांच्या फायलीत चौकोनांचा तुकडा लपलेला असतो. एकरंगी छपाईत, रबरी शिक्क्यात किंवा भरतकामात तिची गत वाईट होते. म्हणून जाणता रेखाटनकार ठिपक्यांकडे वळतो. मूळ छायेवर वर्तुळांच्या ओळी मांडून, जेथे काळोख दाट तेथे वर्तुळ मोठे, जेथे विरळ तेथे लहान, असे प्रत्येक ठिपक्याला रेषेने बांधून टाकतो. तेथेही सांभाळावे लागते. फार बारीक ठिपके शिक्क्यात उमटतच नाहीत, आणि फार जवळचे एकमेकांत मिसळून डाग पडतो. हजारो ठिपक्यांपेक्षा बासच्या मोजक्या पट्ट्या सरस ठरतात त्या येथे.

त्या पट्ट्यांचेही पुढे एक प्रकरण झाले. २००५ मध्ये कंपनीची मालकी बदलली, आणि नव्या धन्यांनी गोल पारदर्शक, छटादार, काचेच्या गोटीसारखा करून घेतला. पडद्यावर तो शोभिवंत दिसे. सुमारे दहा वर्षांनी त्या छटा उतरविण्यात आल्या, आणि निळ्या पट्ट्यांचा सपाट गोल पुन्हा पाटीवर चढला.