घरची फियाट परत आणताना

अनेक मराठी घरांच्या जुन्या आल्बममध्ये एक छायाचित्र हमखास सापडते. सोसायटीच्या फाटकासमोर नवी फियाट उभी आहे, बॉनेटवर झेंडूचा हार आहे आणि गाडीला टेकून सारे कुटुंब ओळीने उभे आहे. छायाचित्रातील आजोबा आज नसतात, मुले पन्नाशी ओलांडून गेलेली असतात आणि गाडी कधीच विकली गेलेली असते. मात्र ती गाडी कुठे असेल, हा प्रश्न घरात अधूनमधून निघतोच. अलीकडच्या काळात काही कुटुंबे या प्रश्नाचा गंभीरपणे पाठपुरावा करू लागली आहेत. त्यांच्या शोधाला उपयोगी पडते ती छायाचित्रातील एकच गोष्ट, म्हणजे नंबरप्लेट.

ही ओढ केवळ सामान्य माणसालाच असते असे नाही. मारुती-८०० ही आपली पहिली गाडी आता आपल्याजवळ नाही, ती परत मिळाली तर आवडेल, असे सचिन तेंडुलकर याने २०२० मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते आणि गाडीविषयी माहिती असणाऱ्यांनी संपर्क साधावा, असे आवाहनही केले होते. कितीही महागड्या गाड्या दारात आल्या तरी पहिल्या गाडीची जागा त्या घेत नाहीत, हेच यातून दिसते.

कुर्ल्यात घडलेली गाडी

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांसाठी ‘गाडी’ या शब्दाचा अर्थ बहुधा फियाट असाच होता. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे होता. प्रारंभी तेथे अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी होत असे. १९५० च्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि फियाट ११०० ही गाडी कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. तिच्या सुरुवातीच्या गोलसर मॉडेलला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. त्या नावात हेटाळणीपेक्षा जिव्हाळाच अधिक होता.

१९६४ च्या सुमारास ‘डिलाइट’ हे मॉडेल आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटचे नाव मागे पडून काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. मात्र कागदोपत्री पद्मिनी झालेली ही गाडी बोलण्यात शेवटपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा, पुढची सलग सीट आणि थंडीत ओढावा लागणारा चोक हे तिचे विशेष होते.

परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. माजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बारा हजार रुपयांची फियाट घेण्यासाठी पंजाब नॅशनल बँकेतून पाच हजार रुपयांचे कर्ज काढले होते. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ललिता शास्त्री यांनी ते कर्ज आपल्या पेन्शनमधून फेडले. ती गाडी आज नवी दिल्लीतील शास्त्री स्मारकात पाहावयास मिळते. पंतप्रधानांच्या घरी ही स्थिती असेल, तर नोकरदाराच्या घरी गाडी येणे हा केवढा प्रसंग असेल, याची कल्पना करता येते. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती-८०० रस्त्यावर आली आणि फियाटचे राज्य ओसरू लागले. बहुतेक घरांतील फियाट त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत विकल्या गेल्या. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादनही थांबले.

मुंबईकरांना ही गाडी त्यानंतरही रोज दिसत होती, ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने. टॅक्सी म्हणून अखेरच्या पद्मिनीची नोंदणी २००३ च्या २९ ऑक्टोबरला ताडदेव आरटीओत झाली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. त्यामुळे आता उरल्या आहेत त्या केवळ खासगी मालकीच्या गाड्या, आणि त्यांची संख्या वाढणारी नाही.

शोध कसा घ्यावा

आठवणी कितीही ठळक असल्या तरी रंग, सीट कव्हर वा दाराला पडलेला पोचा यांवरून गाडी सापडत नाही. शोधाची सुरुवात क्रमांकापासून होते. १९८९ मध्ये ‘एमएच’ मालिका सुरू होण्यापूर्वीचे क्रमांक तीन अक्षरी मालिकेचे होते. जुनी छायाचित्रे, विम्याच्या पावत्या, पेट्रोलच्या हिशेबाची वही, गॅरेजची बिले यांपैकी कशावर तरी हा क्रमांक मिळतो. आरसी बुकची झेरॉक्स असेल तर इंजिन आणि चासीचा क्रमांकही हाती येतो.

क्रमांक मिळाल्यावर परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा ‘एमपरिवहन’ अॅपवर तो तपासता येतो. नोंद जिवंत आहे की नाही, कोणत्या आरटीओत आहे आणि फिटनेस कधी संपला, हे तेथे कळते. मालकाचे पूर्ण नाव व पत्ता मात्र दिला जात नाही. शिवाय जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांतील सर्वच गाड्या संगणकात आलेल्या नाहीत. क्रमांक तेथे सापडला नाही म्हणजे गाडी भंगारात गेली, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मूळ आरटीओत प्रत्यक्ष चौकशी करणे हा पुढचा टप्पा होय.

दुसरा मार्ग माणसांचा आहे. गाडी ज्याने वर्षानुवर्षे सांभाळली तो मेकॅनिक, विक्री जुळवून देणारा एजंट आणि जुना विमा प्रतिनिधी यांना गाडी कोणाकडे गेली हे अनेकदा आठवत असते. मुंबईतील ऑपेरा हाऊस व कुर्ला, तसेच पुण्यातील नाना पेठ येथील सुट्या भागांच्या बाजारात जुन्या फियाटच्या मालकांची ये-जा असते. मुंबईतील व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांच्या रॅलीतही अशा गाड्यांचा माग लागू शकतो.

शोध घेताना एक अनपेक्षित गोष्ट पुढे येण्याची शक्यता असते. पूर्वी टीटीओच्या कोऱ्या अर्जांवर सही करून गाडी देऊन टाकण्याची पद्धत सर्रास होती. घेणाऱ्याने नाव बदलून घेतलेच नाही, तर सरकारदरबारी गाडी अजूनही वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते. ही बाब भावनिक दृष्ट्या सुखद वाटली तरी कायदेशीर दृष्ट्या धोक्याची आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. त्यामुळे गाडी परत घ्यावयाची नसली तरी तिचे नाव कोणाच्या खात्यावर आहे, हे पाहून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

तीच गाडी कशावरून?

गाडी सापडली की पहिल्या भेटीतच व्यवहार ठरविण्याचा मोह होतो. तो टाळावा. आरसीवरील चासी आणि इंजिनाचे क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहणे आवश्यक आहे. अनेक पद्मिनींना मधल्या काळात डिझेल इंजिने बसविण्यात आली. हा बदल आरसीवर नोंदलेला नसेल तर पुढे अडचण येते.

फियाटला निराळी चौकट नाही. बॉडी आणि चासी मिळून तिचा एकच सांगाडा बनतो. म्हणून दारांखालच्या पट्ट्या, पायांखालचा पत्रा आणि मागच्या पाट्यांच्या बैठका गंजल्या असतील, तर ती केवळ दिसण्यातील उणीव नसते. गाडीचा आधारच कमकुवत झालेला असतो. हा दोष रंगाखाली सहज झाकला जातो. घरची गाडी म्हणून भारावलेल्या माणसाच्या तो लक्षात येत नाही. सोबत जुना मेकॅनिक असलेला बरा.

हेही ध्यानात घ्यावयास हवे की, विकलेल्या गाडीवर मूळ कुटुंबाचा कोणताही हक्क राहत नाही. सध्याच्या मालकानेही तिच्यावर पंचवीस-तीस वर्षे जीव लावलेला असू शकतो. त्याने विकण्यास नकार दिला, तर एकदा गाडीत बसू द्यावे आणि पुढे कधी विकावयाची झाल्यास कळवावे, एवढी विनंती करून थांबणेच योग्य.

नाव आणि नोंदणी

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी २०२५ मध्ये ते दहा हजारांवर नेण्यात आले. विलंब झाल्यास दरमहा पाचशे रुपयांचा अधिभार नियमांत आहे. राज्याचा पर्यावरण कर निराळा. गाडी दहा-पंधरा वर्षे झाडाखाली उभी असेल तर ही थकबाकी गाडीच्या किमतीहून मोठी होऊ शकते. म्हणून सौद्याआधीच आरटीओत आकडा विचारून घ्यावा.

हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. मालक मयत असेल तर वारसांनी नमुना ३१ भरावयाचा असतो. जुने कर्ज आरसीवर नोंदलेले असेल तर बँकेच्या दाखल्यासह नमुना ३५ लागतो. गाडी परराज्यात नोंदली असेल तर तेथील ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८ आणावा लागतो. विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट यांतून जुन्या गाडीची सुटका नाही. आरसी हरवली असल्यास पोलिसांत तक्रार देऊन दुय्यम प्रत मिळते. मात्र नोंदणी रद्द होऊन गाडी भंगारात काढल्याची नोंद झाली असेल, तर ती त्या क्रमांकाने पुन्हा रस्त्यावर येणे दुरापास्त आहे.

पन्नाशीचा उंबरठा

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे टिकते. नूतनीकरणास पाच हजार रुपये पडतात. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला मात्र आपला जुना क्रमांक राखता येतो. ज्या कुटुंबाला क्रमांकच प्रिय आहे त्याच्यासाठी ही सवलत मोलाची आहे.

त्याची किंमतही आहे. व्हिंटेज गाडी रोज चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. शिवाय १९७४ ची पहिली पद्मिनी पन्नाशीला पोचली ती २०२४ मध्ये. १९८५ मध्ये घेतलेल्या गाडीला २०३५ पर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत नियमित नूतनीकरण हाच मार्ग आहे.

रंग सर्वात शेवटी

गाडी दारात आली की चावी फिरवून पाहण्याची सर्वांनाच घाई असते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत ही घाई महागात पडते. टाकीतील जुने पेट्रोल आणि इंजिनातील ऑइल काढावे, इंजिन आधी हाताने फिरवून पाहावे, ब्रेकचे सिलिंडर व रबरे बदलावीत आणि मगच बॅटरी जोडावी. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप व गॅस्केट खराब होतात आणि गाडी उभी राहिल्यास टाकीत ओलावा धरतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला त्यासाठी नव्या प्रतीचे पाइप घालणे इष्ट.

रंगाचे काम शेवटी करावे आणि शक्य असेल तेवढे कमी करावे. गाडी कारखान्यातून आल्यासारखी चकचकीत झाली की प्रदर्शनात शोभते. परंतु स्टिअरिंगवरील झिजलेली जागा, डॅशबोर्डवरील गणपती आणि मुलांनी खरवडलेली अक्षरेही तिच्याबरोबर पुसली जातात. ज्या खुणांसाठी गाडी शोधली त्याच दुरुस्तीत नाहीशा झाल्या, ही चुटपुट मग कायमची लागते.

वेळ थोडा आहे

देशातील पहिली मारुती-८०० घेणारे दिल्लीचे हरपाल सिंग यांनी ती २०१० मध्ये निधन होईपर्यंत जपली. त्यानंतर ती गाडी घराबाहेर उन्हापावसात खराब होत होती. पुढे कंपनीनेच तिचा जीर्णोद्धार केला. प्रत्येक घरच्या गाडीच्या नशिबी असा जीर्णोद्धार नसतो. २०२१ पासून अधिकृत भंगार केंद्रांची व्यवस्था सुरू झाली आहे आणि जागेची चणचण असलेल्या शहरांत बंद गाडी फार काळ उभी ठेवता येत नाही.

दुसरीकडे, गाडी कोणाला विकली, कोणत्या गॅरेजमध्ये जात असे, हे सांगणारी पिढीही सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. त्यामुळे गाडी परत आणावयाची असो वा नसो, घरातील ज्येष्ठांना विचारून तिचा क्रमांक, घेतल्याचे साल आणि घेणाऱ्याचे नाव आजच एका कागदावर लिहून ठेवलेले बरे. गाडी उद्या सापडेलही. पण तिचा पत्ता सांगणारे तेव्हा असतीलच, याची खात्री कोणी द्यावी?