चार खंडांचा कोलंबस

वॉशिंग्टन आयर्व्हिंग हा अमेरिकन लेखक १८२६ साली माद्रिदला गेला. कोलंबसाचे जुने स्पॅनिश कागद इंग्रजीत आणायला गेला नि स्वतःच चरित्र लिहून बसला. १८२८ साली लंडनला चार खंड निघाले. सपाट पृथ्वीवाल्या पंडितांपुढं एकटा शहाणा कोलंबस, हे शाळेतलं चित्र बरंचसं त्याच्याच लेखणीचं. खरं तर पृथ्वी गोल आहे हे तेव्हाच्या शिकलेल्यांना ठाऊक होतं. वाद अंतराचा होता, आणि त्यात चुकला कोलंबसच.

पण दोस्तांनो, हे खंड फेकू नका. पुरावा आतच आहे. १४९५ च्या सुमारास हिस्पॅनिओला बेटावरच्या तायनो लोकांवर पट्टी बसली. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातलं घुंगरू भरेल एवढं सोनं द्यायचं. सोनं नसेल तिथं माणशी साडेअकरा किलो कापूस. ज्याच्या आईनं कापूस वेचलाय त्यानं हिशेब करावा. पट्टी भरली की धातूचा बिल्ला, तो गळ्यात अडकवायचा. इथं मी थांबलो. पेशवाईत पुण्यात आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मडकं होतं.

त्याच साली पाचशेच्या वर तायनो गुलाम करून जहाजांत कोंबले. दोनशेच्या आसपास वाटेतच मेले. आयर्व्हिंग हे लपवत नाही, नावंही ठेवतो. मग हळूच म्हणतो, काळच तसा होता!

अरे, मग लास कासास कुठल्या काळातला? तोही १५०२ साली त्याच बेटावर आला, आधी त्यानंही माणसं राबवली, मग सोडली आणि सगळा जुलूम लिहून ठेवला. त्याचं ते हस्तलिखित आयर्व्हिंगनं वाचलं होतं. छापून निघालं ते १८७५ साली.